वाऱ्यापावसात आरव्हीचं मोटरवालं ऑनिंग: कधीपर्यंत उघडं ठेवायचं?

सांगली_ते_सॅक्रामेंटो

२६ फुटी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) घेतला आहे. दाराच्या बाजूला १८ फुटी मोटरवालं ऑनिंग (भिंतीपासून बाहेर उलगडणारं कापडी छत) आहे, पूर्ण उघडल्यावर ८ फूट बाहेर येतं. कापड व्हिनाइलचं. दोन टोकांना ते तोलून धरणारे दोन दांडे, म्हणजे 'हात', त्यांत गॅस स्ट्रट (दाबलेल्या गॅसच्या जोरावर ढकलणारा दांडा). जमिनीला टेकणारे खांब नाहीत, मधला आडवा दांडा नाही, वारा ओळखून आपोआप मिटणारा सेन्सरही नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये ॲरिझोना आणि कोलोरॅडो असा बेत आहे. मॅन्युअलमध्ये "जोराच्या वाऱ्यात वापरू नये" एवढंच लिहिलंय. जोराचा म्हणजे किती? पावसात पडवीसारखं वापरता येतं का, की ते निव्वळ उन्हासाठी? खुंट्या ठोकून पट्ट्यांनी बांधायचे संच मिळतात, ते घ्यावेत का? सेन्सर मागाहून बसवण्यात अर्थ आहे का? आणि ऐन वादळात बटण दाबलं आणि मोटर हललीच नाही तर काय करायचं?

पाना_पक्कड

आकडाच हवा असेल तर माझा असा: ताशी १५ मैलांचे झोत सुरू झाले की मिटायच्या तयारीला लागा, २० ला ते मिटलेलं असलं पाहिजे. मॅन्युअलवाले आकडा द्यायला कचरतात, कारण ऑनिंग मोडतं ते सरासरी वाऱ्याने नाही, झोताने. आणि झोत कुठल्या बाजूने येतो यावर बाकी सगळं ठरतं.

हिशेब मांडून बघा. १८ × ८ फूट म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर कापड. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये हवा असेल तर वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६१ ने गुणा. ताशी २० मैलांना दाब येतो ४९ पास्कल, म्हणजे सगळ्या कापडावर मिळून ६७ किलोचा जोर. ३० मैलांना तोच जोर १५० किलो, ४० ला २६५ च्या पुढे. वेग दुप्पट, जोर चौपट. वारा तिरका आला तर आकडा कमी होतो, पण ट्रेलरला लागून असलेल्या कापडाला वाऱ्याकडून फारशी सूट मिळत नाही, कारण असं की वारा दाराच्या बाजूने आला की भिंतीवर आपटतो, पुढे जायला वाट नसते, मग तो वर वळतो आणि कापडाखाली कोंडतो.

त्यानंतर काय होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. आधी कापड मध्यभागी फुगतं. मग पुढची रोलर ट्यूब (कापड जिच्यावर गुंडाळतं ती नळी) वीतभर उचलली जाते, हात सांध्यांतून ताठ होतात. झोत ओसरला की ट्यूब आपल्या वजनाने धाडकन खाली येते आणि सगळा हिसका हातांच्या पिना आणि भिंतीतल्या स्क्रूंवर बसतो. नुकसान बहुतेक वेळा या खाली येण्यात होतं, वर जाण्यात नाही. असे चार-पाच हिसके बसले की जे कच्चं असेल ते जातं: हाताचा रिव्हेट, भिंतीतला स्क्रू, नाहीतर ट्यूब मधोमध वाकते. सगळ्यात वाईट म्हणजे आख्खं ऑनिंग हातांसकट छतावर उलटतं आणि एसीचं झाकण, सोलर पॅनेल जे आड येईल त्यावर आपटतं.

एक गैरसमज इथेच काढून टाका. मोटरवाल्याला "पॉवर ऑनिंग" म्हणतात, पण त्यातला "पॉवर" हा शब्द फक्त उघडण्या-मिटण्यापुरता आहे. जुन्या हाताने उघडायच्या ऑनिंगचे हात ट्रेलरच्या बुडाशी टेकायचे किंवा काढून जमिनीत रोवता यायचे, त्यामुळे भार खाली उतरायचा. तुमच्यात तो सगळा भिंतीवरच लोंबकळतो. म्हणजे नवं ऑनिंग सोयीचं जास्त, पण वाऱ्याला जुन्यापेक्षा नाजूक.

वाऱ्याचा मीटर जवळ नसेल तर झाडं बघा. धूळ आणि कागद उडू लागले, बारीक फांद्या सतत हलू लागल्या की तो वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ४, ताशी १३ ते १८ मैल. छोटी पानाळ झाडं बुंध्यापासून डोलू लागली की ५, म्हणजे १९ ते २४. तुमची मर्यादा या दोहोंच्या मधे आहे. फोनवरच्या सूचनेची वाट बघू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची 'विंड ॲडव्हायजरी' बहुतेक भागांत निघते ती सलग ३१ ते ३९ मैल वारा किंवा ४६ च्या पुढचे झोत अपेक्षित असले की, आणि 'सिव्हिअर थंडरस्टॉर्म' इशाऱ्यासाठी झोत ५८ लागतो. तोवर तुमचं ऑनिंग शेजारच्या साइटवर असेल.

ॲरिझोनात मान्सूनचा अधिकृत काळ १५ जून ते ३० सप्टेंबर आहे, म्हणजे तुमची सहल बरोबर त्यातच. तिथे पाऊस पडायच्या आधी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवरून पसरत येते. ढग कितीतरी मैल दूर, डोक्यावर निळं आकाश, आणि अचानक गार झुळूक लागते. ती लागली की तुमच्याकडे मिनिटं आहेत, तास नाहीत. कोलोरॅडोच्या डोंगरात दुपारी एकच्या सुमाराला ढग उभे राहायला लागतात, त्यामुळे तिथे सकाळी उघडा, जेवणं झाली की मिटा. फिरायला जाताना आणि झोपताना मिटायचं, हे तर कुठेही.

साइटवर ट्रेलर वळवायला वाव असेल तर नाक उत्तरेला ठेवा. दार पूर्वेला येतं, दुपारचं ऊन आणि त्या भागातला नेहमीचा नैर्ऋत्येचा वारा दोन्ही ट्रेलर स्वतःच्या पाठीवर घेतो. वादळाच्या झोताला मात्र दिशेचं बंधन नसतं.

पागोळी

वाऱ्याचं वर आलंच आहे, पावसाचं मी लिहिते.

रिमझिम चालते, पण ढाळ असेल तरच. पाण्याचा हिशेब वाऱ्यापेक्षा सोपा आहे: १३.४ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १३ लिटर, म्हणजे १३ किलो. मान्सूनची जोरदार सर तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पडते असं धरा, दहा मिनिटांत ११० लिटर. त्यातलं निम्मं जरी कापडावर थांबलं तरी एक माणूस तुमच्या ऑनिंगच्या मधोमध येऊन बसला असं समजा.

आणि ते थांबतं, कारण झोळ स्वतःला वाढवतो. कापडात बोटभर खळगा असला की पाणी तिकडे धावतं, वजनाने खळगा खोल होतो, मग आजूबाजूचंही तिकडेच येतं. व्हिनाइल उन्हाने तापून सैल झालेलं असेल तर सुरुवातच खळग्याने होते. रोलर ट्यूबला १८ फुटांत मधे कुठे आधार नाही, ती खाली वाकते आणि एकदा वाकलेली ट्यूब सरळ होत नाही. पुढे कायम कापड मधे सैल गुंडाळलं जातं आणि मिटल्यावर पोटात फुगवटा राहतो.

म्हणून ढाळ. घरांच्या ऑनिंगसाठी युरोपात ईएन १३५६१ हे मानक आहे, त्यात पावसाची चाचणी १४ अंशांच्या उतारावर घेतात. आरव्हीला ते लागू नाही, पण अंदाज म्हणून चांगलं आहे: १४ अंश म्हणजे दर ४ फुटांना १ फूट, तुमच्या ८ फुटांना २ फूट. भिंतीकडची कडा १० फुटांवर असेल तर पुढची ट्यूब ८ फुटांवर हवी. त्याशिवाय एक कोपरा दुसऱ्यापेक्षा आणखी फूटभर खाली घ्या, म्हणजे सगळं पाणी त्याच टोकाने पडेल. दाराच्या आणि विजेच्या जोडणीच्या उलट टोकाला, हे आलंच.

ढाळ बदलायची पद्धत मॉडेलगणिक वेगळी. काहींत हातावर घुंडी किंवा खिट्टी असते, ती सैल करून हात सरकवायचा आणि पुन्हा घट्ट करायचा. काहींत ट्यूबचं टोक नुसतं हाताने खाली ओढलं की ते तिथे राहतं. दोन्ही टोकं एकदम खाली घेऊ नका, सहा-सहा इंच आळीपाळीने घ्या, नाहीतर ट्यूब पिळवटते.

काही मॉडेलांत पाणी आपोआप सांडायची सोय असते. साचलेल्या पाण्याच्या वजनाने एका बाजूचा गॅस स्ट्रट दबतो, कोपरा खाली जातो, पाणी भसकन सांडतं आणि कोपरा परत वर येतो. छान आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते पाणी सांडतं तेव्हा बादलीभर नाही, पिंपभर असतं, त्या कोपऱ्याखाली खुर्ची ठेवू नका. आणि कोपरा खाली येतो तेव्हा ट्रेलरचं दार उघडं असेल तर दाराच्या वरच्या टोकाने कापड सरळ चिरतं. ढाळ जास्त दिला की हीच अडचण नेहमी येते, त्यासाठी दाराच्या वरच्या कोपऱ्यावर लावायची प्लॅस्टिकची चाकं किंवा टोप्या मिळतात, त्या आधी लावून ठेवा.

झोळ पडलाच तर बटण दाबू नका. पाण्यासकट गुंडाळायला गेलं की मोटरचे दाते आणि ट्यूब दोन्हींवर भार येतो. आधी एक टोक खाली घ्या. मग मऊ झाडू उलटा धरून, कापडाखालून भिंतीच्या बाजूने सुरू करून पाणी पुढे आणि त्या टोकाकडे ढकला. झाडूच्या दांड्याचं टोक लावू नका, ताणलेल्या कापडाला भोक पडायला तेवढं पुरतं. पाणी गेलं की मगच मिटा.

ओलं मिटलं तर लगेच काही बिघडत नाही. वारा असेल तर ओलंच मिटा, बिनधास्त. पण एक-दोन दिवसांत उघडून दोन्ही बाजूंनी वाळवा. व्हिनाइल स्वतः कुजत नाही, त्यावरच्या धुळीवर आणि परागांवर बुरशी धरते. विणलेलं ॲक्रिलिक पाणी परतवतं पण पूर्ण जलरोधक नसतं, मुसळधार पावसात आतून टिपकायला लागतं. खालून बोट लावलं की तिथे गळती सुरू होते, मुलांना सांगून ठेवा. धुवायला सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

खुंटीवाला

दोघांनीही जरा जास्तच घाबरवलंय. पट्ट्यांचा संच लावला तर २० मैलांपर्यंत निवांत बसता येतं. दोन पट्टे, प्रत्येकाला स्प्रिंग, आणि पिळाच्या खुंट्या. वाळूत साध्या खुंट्या उपटून येतात, पिळाच्याच घ्या. शिवाय कापडाच्या दोन्ही कडांना फडफड थांबवणारे चिमटे लावा, कापडाची कड हाताला धरून ठेवतात. निम्मी फडफड तिथेच संपते.

पाना_पक्कड

चिमट्यांशी माझं भांडण नाही, ते लावा. फक्त मिटायच्या आधी काढायचे हे लक्षात ठेवा, गुंडाळीत एक जरी राहिला तर कापड तिथे फाटतं. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवा.

पट्ट्यांबद्दल मात्र मी विरुद्ध आहे. जुन्या खांबवाल्या ऑनिंगला पट्टे शोभायचे, कारण तिथे वर उचलणं हीच अडचण होती आणि हात जमिनीपर्यंत यायचे. मोटरवाल्यात ट्यूब गॅस स्ट्रटवर तरंगते, थोडी वरखाली होणं हेच तिचं झोत पचवण्याचं तंत्र. खाली बांधली की तोच झोत कापडाच्या वरच्या शिवणीवर आणि कापड भिंतीला जिथे अडकवलेलं असतं त्या रुळावर जातो. दुसरं, वादळ आलं की बांधलेलं ऑनिंग तुम्ही आधी सोडणार, मग मिटणार, आणि घाईत एक पट्टा राहिला तर मोटर पट्ट्याविरुद्ध ओढणार. सेन्सर असलेल्यांना तर पट्टे लावायचेच नाहीत, ते मधेच स्वतःहून मिटायला लागतं. आणि खरी गोची ही की पट्टे लावले की माणूस जास्त वेळ उघडं ठेवतो.

वारा १२-१५ मैल असेल आणि सावली हवीच असेल तर त्यापेक्षा अर्धंच उघडा. क्षेत्रफळ निम्मं, जोर निम्मा.

सांगली_ते_सॅक्रामेंटो

पट्टे रद्द. चिमटे आणि दाराच्या टोप्या यादीत. सेन्सरचं आणि मोटर बंद पडण्याचं कोणी सांगेल का? काल उघडून बघताना एक विचित्र गोष्ट दिसली: पूर्ण उघडल्यावर पुढची झालर ट्यूबच्या मागे, आतल्या बाजूला गेली होती आणि कापड ढिलं वाटत होतं.

तारजोडणी

झालरीचं आधी, कारण ते सगळ्यात सोपं. तुम्ही बटण जास्त वेळ दाबलंत. कापड संपल्यावरही ट्यूब फिरत राहिली आणि कापड उलट्या दिशेने गुंडाळायला लागलं. बऱ्याच साध्या मॉडेलांत उघडताना थांबवणारा काटा नसतो, थांबवायचं आपण. कापड ट्यूबच्या वरून उतरलं पाहिजे आणि झालर पुढे मोकळी लोंबली पाहिजे, तिथेच बोट काढा. उलट गुंडाळलं गेलं असेल तर मिटायचं बटण थोडं दाबा, ट्यूब सरळ होईल. तसंच ठेवलं तर पाणी ट्यूब आणि कापडाच्या खाचेत साचतं, आणि अशा वेळी माणूस "मिट" समजून "उघड" दाबतो व ते खरंच मिटत जातं, पण कापड उलट्या अंगाने. अख्खं ऑनिंग उलटं गुंडाळलेलं पाहिलं की गोंधळू नका, पुन्हा पूर्ण उघडा आणि बरोबर बटणाने मिटा.

सेन्सर. डोमेटिक कंपनीचा वेदरप्रो किंवा केअरफ्री कंपनीची आपोआप मिटणारी प्रणाली, या गोष्टी वाऱ्याचा वेग मोजत नाहीत, पुढच्या भागाचं हलणं मोजतात. म्हणजे ऑनिंग हिसके खायला लागल्यावर त्यांना कळतं, आणि मिटायला अर्धा-पाऊण मिनिट लागतो. हळूहळू वाढणाऱ्या वाऱ्याला उत्तम, अचानक येणाऱ्या झोताला उशीर. संवेदनशीलता कमी-जास्त करता येते, वाळवंटात जास्तीवर ठेवा, कोणी डोकं आपटलं म्हणून मिटलं तर मिटलं. बॅटरीचा मुख्य स्विच बंद असेल तर सेन्सर मेलेला. साचलेलं पाणी त्याला कळत नाही. तुमच्या ऑनिंगला तो मागाहून बसवता येतो का हे मॉडेलवर आहे, मोटरबरोबर कंट्रोल बोर्डही बदलावा लागू शकतो. त्या खर्चात मी तुमच्या जागी असतो तर आधी नवे स्ट्रट घेतले असते.

आता मोटर हलली नाही तर. या क्रमाने बघा:

१. बॅटरी. मोटर १२ व्होल्टची आहे. बटण दाबलेलं असताना मोटरच्या जोडणीवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि मोटरपाशी ११ च्या खाली असेल तर तार किंवा जोडणी गंजलेली आहे.

२. फ्यूज. झाकणावर ज्या ॲम्पिअरचा लिहिलाय त्याच ॲम्पिअरचा दोन जादा ठेवा. मोठा घालू नका.

३. बटण. दोन्ही दिशांना मेलं असेल तर वीज नाही, एकाच दिशेला मेलं असेल तर बटणच गेलं.

४. बऱ्याच मोटरींत तापल्यावर बंद होणारा कटआउट असतो. चार-पाच वेळा उघड-मिट केलं असेल तर १५ मिनिटं थांबा.

यातलं काहीच नसेल तर हाताच्या वरच्या टोकापाशी मोटरची दोन तारांची जोडणी असते. ती सोडवा, मग मोटरकडच्या दोन तारांना १५ ॲम्पिअरचा फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी थेट १२ व्होल्ट द्या. उलट दिशेला फिरली तर तारा अदलाबदल करा. जोडणी न सोडवता वीज दिलीत तर ती बटणाच्या बाजूला उलटी जाते आणि बोर्ड जळतो. मोटरला दोनपेक्षा जास्त तारा असतील तर हा उद्योग करू नका. काही मॉडेलांत ड्रिलने फिरवायची खाचही असते, ट्यूबच्या टोकाच्या टोपीखाली. ती कुठे आहे आणि कुठला बिट लागतो हे घरी, उजेडात, वारा नसताना शोधून ठेवा.

वारा सुटलेला असताना शिडीवर चढू नका. ट्यूब खाली येताना माणसाला सहज पाडते. काहीच जमत नसेल आणि ऑनिंग छतावर उलटायच्या बेतात असेल तर झोतांमधल्या उसंतीत ट्यूबच्या कडेने कापड चाकूने कापून टाका. कापड नवं घालता येतं. भिंत उचकटली तर ट्रेलरच गेला.

पाना_पक्कड

वापरलेला ट्रेलर आहे म्हणून निघण्यापूर्वी या दोन जागा बघाच.

हात भिंतीला जिथे बसवलेत तिथले मोठे स्क्रू. त्यांच्याभोवतीचं सीलंट भेगाळलं की पाणी आत मुरतं, आतलं लाकूड मऊ होतं आणि स्क्रू नुसता शोभेला राहतो. पान्याने हलकेच आवळा. गोल गोल फिरत राहिला तर लाकूड कुजलंय, जाडा स्क्रू घालून भागवू नका, आतलं लाकूड बदलावं लागेल. घट्ट असेल तर जुनं सीलंट खरवडून नवं भरा. वरच्या रुळाचे स्क्रूही तसेच तपासा.

स्ट्रट. वारा नसताना उघडा, ट्यूबचं एक टोक हाताने फूटभर दाबून सोडा. सावकाश वर आलं तर ठीक, ओढून ढाळ द्यायची सोय नसताना तिथेच राहिलं किंवा दांड्यावर तेल दिसलं तर स्ट्रट संपला. दोन्ही एकदम बदला. पण स्ट्रट शेकडो पाउंडांनी दाबलेला असतो, हात खिट्टीने अडकवल्याशिवाय त्याची पिन काढायची नाही. जमत नसेल तर हे काम दुकानातच द्या.

सांगली_ते_सॅक्रामेंटो

डाव्या टोकाचा स्ट्रट दाबल्यावर तिथेच राहतो. दोन्ही मागवतो. शेवटचं: हायवेवर मिटलेलं ऑनिंग आपोआप सुटू शकतं का? मोटरच्या ब्रेकवर विसंबायचं का?

तारजोडणी

सुटू शकतं. बाजूचा वारा कापडाच्या कडेखाली शिरला की गुंडाळी फुगते आणि ब्रेक हळूहळू घसरतो. दोन्ही हातांना रुंद वेल्क्रोचा पट्टा घट्ट गुंडाळा, कॅम्पसाइटवर पोचल्यावर बटण दाबायच्या आधी काढा. निघताना उजव्या आरशात ट्यूब दोन्ही टोकांना सारखी बसलेली दिसली पाहिजे. एक टोक बोटभर बाहेर असेल तर थांबून पुन्हा उघडून मिटा.